पडद्यावरची खरबरीत फळी

वास्तुरचनेच्या संगणकीय चित्रात लाकूड आणण्याची पहिली रीत, सुताराच्या भाषेत सांगायचे तर, व्हिनियर चिकटवण्याचीच होती. एडविन कॅटमल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातील पीएच.डी. प्रबंधात टेक्श्चर मॅपिंगची, म्हणजे वस्तूच्या प्रत्येक बिंदूला सपाट चित्रातील एक जागा नेमून देऊन तिथला रंग उचलण्याची पद्धत मांडली. फळीचे छायाचित्र असे चढवले की समोरून ती खरी वाटे. पण खरबरीतपणा केवळ रंगातच असल्यामुळे दिवा डावीकडून उजवीकडे नेला तरी करवतीच्या ओरखड्यांच्या सावल्या जिथल्या तिथेच राहत.

ही उणीव जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये एका हिकमतीने भरून काढली. पृष्ठभागाला धक्का न लावता प्रत्येक बिंदूवरील लंबाची दिशा किंचित कलवली, तर उजेडाचा हिशेब बदलतो आणि डोळ्याला खाचा दिसू लागतात. बम्प मॅपिंग नावाची ही युक्ती गणनेला इतकी हलकी, की ती आजही वापरात आहे. मात्र फळीची कड सरळसोटच राहते आणि तिथे सोंग उघडे पडते. पृष्ठभागच जागचा हलवण्याची, म्हणजे डिस्प्लेसमेंटची, कल्पना रॉबर्ट कुक यांनी १९८४ मध्ये मांडली.

लाकडापुरती खरी कलाटणी १९८५ ची. त्या वर्षीच्या सिग्राफ या संगणकीय चित्रणाच्या परिषदेत केन पर्लिन आणि डार्विन पीची यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, भरीव टेक्श्चर मांडले: रंग पृष्ठभागाला न देता अवकाशातील प्रत्येक बिंदूला द्यायचा आणि त्यातून वस्तू कोरून काढायची. एका अक्षाभोवती एकात एक बसलेली फिकट-गडद नळकांडी कल्पून ती पर्लिन यांच्या नॉइजने, म्हणजे सलग पण अनियमित चढउतार देणाऱ्या गणिती फलनाने, थोडी डळमळीत केली की ओंडका तयार होतो. तो उभा चिरला तर लांबट रेषा आणि आडवा कापला तर वलये आपोआप मिळतात, शिवाय कोपऱ्यावर रेषा वलयाला अचूक भिडते. छायाचित्र चिकटवलेल्या तुळईच्या कापलेल्या टोकावर मात्र वलयांऐवजी फळीच्याच रेषा धावतात, आणि ही चूक सुताराच्या नजरेतून सुटणे कठीण.

तरीही १९९० मध्ये आलेल्या थ्रीडी स्टुडिओसारख्या प्रणालींनंतर वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत रुळले ते मुख्यतः छायाचित्रच, कारण गणिती ओंडक्याला गाठी, भेगा आणि करवतीच्या दात्यांचे ओरखडे वेगळे शिकवावे लागतात, तर छायाचित्रात ते आयते येतात. त्याची किंमत म्हणजे पुनरावृत्ती: एकच चौकट भिंतभर मांडली की तीच गाठ ठरावीक अंतराने डोके वर काढते. आता रंगाच्या चित्रासोबत उंचीचे, लंबदिशेचे आणि ‘रफनेस’चे चित्रही जोडले जाते. हा शेवटचा शब्द फसवा आहे, कारण त्यात करवतीचे ओरखडे अभिप्रेत नसून डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म पैलूंवरून प्रकाश किती विखुरतो एवढेच मोजले जाते. त्यामुळे रंधा मारून गुळगुळीत केलेल्या, पण पॉलिश न चढवलेल्या फळीचा रफनेसचा आकडाही बराच मोठा निघतो.