डेन्मार्कची शिदोरी

डेन्मार्कमधली शाळकरी मुले आणि कामकरी माणसे दुपारी शिदोरी सोडतात, तेव्हा तिच्यात बहुधा काय निघते? राय नावाच्या धान्याच्या काळसर, आंबूस पावाच्या चकत्या, त्यांवर लोण्याचा हात, आणि वर मासा, मांस नाहीतर अंडे. अशा पदार्थाला तिकडे ‘स्मोरब्रोड’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘लोणी-पाव’. पण या लोण्यामागे शेतकऱ्यांची मोठी कथा आहे.

डेन्मार्क देश लहान. 1864 साली प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे प्रांत त्याने गमावले. पाठोपाठ दुसरे संकट आले. तिथला शेतकरी तोवर धान्य परदेशी विकत असे. 1870 नंतर आगगाड्या आणि आगबोटी यांच्या जोरावर अमेरिकेचे व रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊन पडू लागले. भाव कोसळले. आता करायचे काय?

शेतकरी म्हणाले, धान्य स्वस्त आहे ना? मग ते गुरांना घालू आणि लोणी विकू. पण दोन-चार गाईंच्या धन्याचे लोणी बड्या जमीनदाराच्या लोण्यापुढे टिकणार कसे? 1882 साली जटलंडच्या पश्चिम भागातील येडिंग गावी शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. दूध सर्वांचे एकत्र. नफा ज्याच्या-त्याच्या दुधाप्रमाणे. मत मात्र माणशी एकच. मते माणसांची मोजायची, गुरांची नव्हे! उरलेले निवळ दूध घरी परत येई, ते डुकरांना घालीत. 1887 साली होर्सेन्स येथे डुकराच्या मांसाचा पहिला सहकारी कारखानाही उभा राहिला. लोणी आणि मांस इंग्लंडच्या न्याहारीला जाऊ लागले.

एकमेकांवर एवढा विश्वास आला कुठून? शिक्षक बंधूंनी इथे लक्ष द्यावे. ग्रुंटविग नावाच्या कवी-धर्मोपदेशकाच्या विचारांतून 1844 साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. तिथे शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात राहत, इतिहास ऐकत, गाणी म्हणत, चर्चा करीत. परीक्षा नाही की पदवी नाही. सहकाराच्या पुढाऱ्यांत या शाळांतून आलेले पुष्कळ होते.

सगळेच गोड होते असे मात्र समजू नका. लोणी विकायचे आणि आपण मार्गारीन खायचे, असे कित्येक घरांत चाले. ज्याच्या दावणीला गायच नाही, त्या मजुराला डेअरीच्या नफ्यात वाटा कसला?

पुढे लहान डेअऱ्या मोठ्या संस्थांत विलीन झाल्या. 2014 साली डॅनिश लोकांनी राष्ट्रीय पदार्थ निवडला, तोही कुरकुरीत तळलेले डुकराचे मांस, पांढरा पार्स्लीचा रस्सा आणि बटाटे! इतिहास राजवाड्यात घडतो, तसा गोठ्यातही घडतो. तो वाचायचा असेल, तर एखादे वेळी कुणाची शिदोरीही उघडून पाहावी.