लोकहक्क चळवळींचे अभिलेखसंग्रह

लोकहक्क चळवळींचे अभिलेखसंग्रह : मानवी हक्कांसाठी झालेल्या चळवळी आणि लोकसेवेच्या हेतूने स्थापन झालेल्या नफानिरपेक्ष संस्था यांच्या कार्यातून निर्माण झालेल्या कागदपत्रांचे जतन केलेले संग्रह. संस्थेची घटना, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते, जमाखर्चाच्या वह्या, अर्ज-निवेदनांच्या स्थळप्रती, पत्रव्यवहार, पत्रके, नियतकालिके, छायाचित्रे व ध्वनिमुद्रिते यांचा त्यांत समावेश होतो. शासकीय दप्तरात प्रजेची नोंद करदाता, फिर्यादी, आरोपी वा अर्जदार म्हणून होते. चळवळीच्या दप्तरात तीच माणसे स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडतात. या भेदामुळे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून या संग्रहांना स्वतंत्र महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : ज्या कागदाला एखादा हक्क चिकटलेला असतो तो कागद टिकतो, असे महाराष्ट्रातील कागदपत्रांच्या इतिहासावरून दिसते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी इ. वतनदारांनी सनदा, महजर व निवाडे पिढ्यान्‌पिढ्या जपले. कारण वतनाचा तंटा उद्‌भवल्यास तेच पुरावे ठरत. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी गावोगाव हिंडून अशी दप्तरे मिळविली व १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेतून प्रसिद्ध केली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्था. १९१०) तो वारसा पुढे चालविला. शासकीय अभिलेखांची व्यवस्था त्याआधीच, १८२१ मध्ये मुंबईत झाली होती. ज्यांना वतन नव्हते त्यांच्या घरी मात्र जपण्यासारखा कागद क्वचितच असे. कुळाच्या वाट्याला येणारा कागद बहुधा सावकाराच्या कर्जरोख्याचा असे. १८७५ मध्ये पुणे व तत्कालीन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यत्वे हे रोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्या दंग्यांची माहिती आज प्रामुख्याने सरकारी चौकशी आयोगाच्या अहवालातून मिळते. दंगेखोरांच्या बाजूचे लेखन जवळजवळ नाही.

१८७६–७८ चा दुष्काळ : एकाच घटनेची नोंद वेगवेगळ्या दप्तरांत कशी होते, याचे उत्तम उदाहरण या दुष्काळाने पुरविले आहे. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा पुरेसा आहे, अशी भूमिका सर रिचर्ड टेंपल यांनी घेतली. ती सरकारी पत्रव्यवहारात नमूद आहे. पुणे सार्वजनिक सभेने (स्था. १८७०) त्याविरुद्ध निवेदने धाडली व जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाचे वृत्तांत प्रसिद्ध केले. मुखत्यारपत्रांच्या आधारे आपण लोकांचे प्रतिनिधी आहोत, असे ही सभा सांगत असे. तिचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले. सभेचे साहित्य छापील व बरेचसे इंग्रजीत असल्याने ग्रंथालयांतून सुरक्षित राहिले.

तिसरी नोंद जुन्नर तालुक्यातील आहे. सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूर येथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या भागातील दुष्काळाची भीषणता, सावकारांकडून होणारी नागवणूक, सत्यशोधक कार्यकर्त्यांनी चालविलेले मदतकार्य आणि त्यासंबंधी कलेक्टरांशी झालेला व्यवहार यांची हकिकत आहे. स्वयंसेवी मदतकार्याचे, ते प्रत्यक्ष करणाऱ्या स्त्रीने केलेले इतके जुने मराठी वर्णन दुर्मिळ होय. हे पत्र म. गो. माळी यांनी संपादिलेल्या सावित्रीबाई फुले समग्र वाङ्‌मयात (१९८८) समाविष्ट झाले, तेव्हा ते सर्वसामान्य वाचकाला सुलभ झाले. सरकारचा दुष्काळविषयक पत्रव्यवहार अभिलेखागारात होता, सार्वजनिक सभेचा वृत्तांत ग्रंथालयात होता. सत्यशोधकांची साक्ष सहज वाचावयास मिळण्यास मात्र सुमारे एकशे अकरा वर्षे लागली.

सत्यशोधक व कामगार चळवळीचे साहित्य : सत्यशोधक समाजाने (स्था. २४ सप्टेंबर १८७३) आपल्या कार्याचे वृत्तांत छापले होते व त्यांपैकी काही उपलब्ध आहेत [⟶ सत्यशोधक समाज]. पुरोहिताविना लग्न लावल्यावरून ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांच्याविरुद्ध ग्रामजोश्यांनी केलेला दावा प्रसिद्ध आहे. हे प्रकरण न्यायालयात गेल्यामुळे त्याची नोंद झाली. कोर्टापर्यंत न पोहोचलेले असे कितीतरी गावतंटे विस्मृतीत गेले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या दीनबंधु पत्राचे आरंभीचे अंक दुर्मिळ असून त्यांतील मजकुराचा मागोवा संशोधकांना सरकारने तयार करविलेल्या देशी वृत्तपत्रांच्या इंग्रजी सारांशांतून घ्यावा लागतो. पाळत ठेवण्यासाठी केलेली नोंद अशा रीतीने चळवळीच्या स्मृतीला आधार ठरली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणीकामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार व अपघातात नुकसानभरपाई या त्यातील मागण्या ज्ञात आहेत त्या सरकारी फॅक्टरी आयोगाच्या कामकाजामुळे. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेले निवेदनही याच कारणाने टिकले.

संकलन व पुनःप्रकाशन : स्वातंत्र्योत्तर काळात या विखुरलेल्या साहित्याच्या संकलनाला गती आली. धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेले महात्मा फुले समग्र वाङ्‌मय १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना (१८८२) हा निबंध जवळजवळ विसरला गेला होता. तो मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समकालीन चळवळीची साधने चां. भ. खैरमोडे यांनी दीर्घकाळ जमविली व त्यांवर आधारलेल्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये काढला. महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये डॉ. आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली आणि वसंत मून (१९३२–२००२) यांच्या संपादनाखाली १९७९ पासून लेखन व भाषणांचे खंड निघू लागले. बाबासाहेबांच्या निधनानंतर कित्येक वर्षे पेट्यांत बंद असलेली हस्तलिखिते त्यामुळे छापली गेली. स्त्रियांच्या कार्याची कागदपत्रे, छायाचित्रे व मुलाखती जमविण्यासाठी मुंबईत १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हे अभिलेखागार स्थापन झाले. परदेशांत ॲम्स्टरडॅमची आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्था (स्था. १९३५) या क्षेत्रात अग्रगण्य आहे. यूरोपात हुकूमशाहीच्या भयाने परागंदा झालेल्या कामगार संघटना व विचारवंत यांची कागदपत्रे वाचविणे हा तिच्या आरंभीच्या कार्याचा एक प्रमुख भाग होता.

प्रकल्पग्रस्त व वनहक्क : धरणविरोधी आंदोलनाची परंपरा पुणे जिल्ह्यात मुळशी सत्याग्रहापासून (१९२१–२४) आहे. जुन्नर तालुक्यातील येडगाव येथे कुकडी नदीवरील धरण १९७७ मध्ये पूर्ण झाले. ज्या कुकडी प्रकल्पाचे ते अंग आहे, त्यात माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील घोड नदीवरचे डिंभे ही अन्य धरणे येतात. ज्याच्या नावावरून तालुका ओळखला जातो ते आंबेगाव गावच डिंभे जलाशयात बुडाले. डिंभे परिसरातील विस्थापित आदिवासींमध्ये काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१२ मध्ये मिळाला.

विस्थापितांच्या बाबतीत कागदाचे मोल तात्काळ जाणवते. महाराष्ट्रात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचे कायदे १९७६, १९८६ व १९९९ मध्ये झाले. त्यांखालील लाभासाठी सातबारा उतारा, फेरफार, भूसंपादनाचा निवाडा व प्रकल्पग्रस्ताचा दाखला यांची साखळी जुळावी लागते. घर व शेत पाण्याखाली गेल्यावर त्या ठिकाणच्या वहिवाटीची खूण कागदातच उरते. ज्या गावांत संघटनेने नोटिशींच्या प्रती, कुटुंबांच्या याद्या व निवेदनांच्या पोचपावत्या सांभाळल्या, तेथील पुढच्या पिढीला दावा मांडणे सुकर जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. त्याखालील नियमांत शासकीय नोंदींबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. ज्यांच्याजवळ सनद नव्हती त्यांच्या स्मृतीला दस्तऐवजाचा दर्जा मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

जतनाची स्थिती : सोसायटी नोंदणी अधिनियम (१८६०) व मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम (१९५०, पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम) यांखाली नोंदलेल्या संस्थांची घटना, विश्वस्तांतील बदल व लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत दाखल होतात. त्यांवरून संस्थेचा सांगाडा कळतो. तिचे कार्य, मतभेद व अपयश यांसाठी इतिवृत्ते व पत्रव्यवहारच पाहावे लागतात. केंद्राचा १९९३ चा व महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेखविषयक कायदा शासकीय कागदपत्रांपुरता असल्याने खाजगी संस्थांचे दप्तर त्यांच्या कक्षेबाहेर राहते. कार्यालयांचे स्थलांतर, वाळवी व दमट हवा, संघटनेतील फूट आणि कार्यकर्त्याच्या निधनानंतर घरातील कागद रद्दीत जाणे ही नाशाची नेहमीची कारणे होत. अंकीय प्रतींमुळे जतन सोपे झाले आहे. तथापि पीडितांची नावे व जबान्या असलेले कागद सर्वांस खुले केल्यास त्यांनाच उपद्रव होण्याचा संभव असतो. म्हणून काही भाग ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची प्रथा अभिलेखागारांत पाळतात. सूची, सुरक्षित जागा आणि गोपनीयतेचा नियम या तीन गोष्टी तालुक्याच्या एखाद्या ग्रंथालयालाही आवाक्यातील आहेत. जुन्या वतनदारांनी आपले कागद जपले त्याच काळजीने ही दप्तरे जपली गेली, तर पुढील इतिहासकाराला सामान्य माणसाचे म्हणणे केवळ सरकारी सारांशांतून शोधावे लागणार नाही.