क्रोशाची सुई, केसांचं रबर आणि ‘रिकामा वेळ’

सध्या आपल्या गटांतून एकच मागणी येते आहे. केसांचं ते लोकरीचं फुगीर रबर शिकवा म्हणून. मुली त्याला स्क्रंची म्हणतात. केसांत नसेल तेव्हा ते मनगटावर असतं. ते कसं करायचं हे आज सांगणारच आहे. पण त्याआधी हे रबर आणि ही सुई आपल्या हातात कुठून आली तेही ऐकू या. ती गोष्ट माहीत असली, तर रबराची किंमत सांगताना आपली जीभ अडखळणार नाही.

वेणीला काहीतरी फुलारलेलं लावायची हौस आपल्याकडे जुनीच आहे. गोंडे झाले, गजरे झाले, अंबाड्यावरचं सोन्याचं फूल झालं. स्क्रंची मात्र अमेरिकेतून आली. न्यूयॉर्कमध्ये रॉमी रेव्हसन नावाची बाई क्लबांत गायची, पियानो वाजवायची. केसांवर रसायनं वापरून तिचे केस तुटायला लागले होते. त्यात तेव्हाच्या रबरांना जोडाच्या जागी धातूची चिमटी असायची, ती केस ओढायची. पायजम्याच्या कमरेचं इलॅस्टिक पाहून तिला सुचलं, की रबरावर सैल कापडाची नळी शिवली तर? तिने शिलाई मशीन घेतलं आणि पहिला नमुना स्वतःच शिवला. १९८७ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. त्यामुळे कंपन्यांना ते बनवायचं तर तिच्याशी करार करावा लागला. म्हणजे कल्पना तिची, हात तिचे आणि कागदावर नावही तिचं. हे लक्षात ठेवा, कारण क्रोशाच्या बायकांच्या वाट्याला हे आलं नाही.

‘क्रोशे’ हा शब्द फ्रेंच. अर्थ साधा आहे, छोटा आकडा. आपल्या सुईचं टोक पाहा, म्हणजे कळेल. १८२०च्या दशकात नेदरलँड्समधल्या ‘पेनेलोपे’ नावाच्या मासिकात क्रोशाच्या बटव्यांचे नमुने छापून आले. छापलेल्या नमुन्यांत ते अगदी सुरुवातीचे मानले जातात. तेही बायकांसाठीचंच मासिक होतं. तेव्हा हा घरंदाज बायकांचा विरंगुळा होता. त्याचं पोटापाण्याचं काम झालं ते आयर्लंडमध्ये.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं जेवण बटाट्यावरच होतं. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथीच्या रोगांनी गेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या काळात जोगिणींच्या मठांनी आणि काही धर्मगुरूंच्या बायकांनी गरीब बायका-मुलींना क्रोशे शिकवलं. क्लोन्स नावाच्या गावात कॅसँड्रा हँड या बाईंनी १८४७ मध्ये हे काम सुरू केलं. सुई स्वस्त, सूत थोडं, जागा लागत नाही, आणि महागड्या युरोपी लेससारखी जाळी लवकर तयार होते. भाकरी मिळाली ही खरी गोष्ट. पण एकीने पान करायचं, दुसरीने गुलाब करायचा, तिसरीने ते जोडायचे, आणि तयार लेस दलालामार्फत मोठ्या शहरांत जायची. पान करणारीला त्या झग्याची किंमत कुठून कळणार?

आता आपल्या देशात येऊ. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ नरसापूर गाव आहे. तिथल्या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी क्रोशे शिकवलं. ते इतकं रुजलं, की पुढे तिथली लेस परदेशी जाऊ लागली आणि हजारो घरांत सुई चालू लागली. १९७०च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस या जर्मन अभ्यासक तिथे राहिल्या. १९८२ मध्ये त्यांचं नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवरचं पुस्तक आलं. त्यांनी पाहिलं ते असं. दलाल सूत घरी आणून देतो. बाई घरचं सगळं आवरून तासन् तास विणते. फुलं करणाऱ्या वेगळ्या, जोडणाऱ्या वेगळ्या. मजुरी तासावर नाही, नगावर किंवा सुतावर. ती इतकी कमी, की शेतमजुरीच्याही खाली. व्यापार आणि निर्यात मात्र पुरुषांच्या हातात. आणि या सगळ्याला कारण काय दिलं जायचं? ‘या गृहिणी आहेत, रिकाम्या वेळात विणतात.’

मैत्रिणींनो, हा ‘रिकामा वेळ’ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे क्रोशे रुखवतात मांडलं गेलं. तोरणं, ताटावरचे रुमाल, बाळाची टोपडी झाली. सगळ्यांनी कौतुक केलं, पण किती तास लागले हे कुणी विचारलं नाही. मागे एका व्यापाऱ्याने आमच्या एका गटाला रबरांचा डझनाचा भाव सांगितला. भाव कमी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “ताई, टीव्ही बघता बघता होतं की!” नरसापूरचंच वाक्य झालं ते. शिवाय एक गोष्ट अजून बदललेली नाही. कापडाला यंत्रमाग आहे, स्वेटरला मशीन आहे, पण खरा क्रोशाचा टाका आजही हातानेच पडतो. म्हणून दुकानात क्रोशाची वस्तू फार स्वस्त दिसली, की समजावं, तिच्यात कुणाचे तरी न मोजलेले तास आहेत.

आता कृती. धातूचा जोड नसलेलं साधं रबर, मध्यम जाडीची साधी लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घ्या. सुरुवातीलाच फरची लोकर घेऊ नका. तिच्या लवीत टाका दिसत नाही आणि चुकला तर उसवत नाही. आधी साखळी आणि खांब हातात बसू द्या.

पहिली फेरी: लोकर रबराला बांधा आणि रबराभोवती ४० मुके खांब घाला. मधे मधे रबर ताणून पाहा, ते मोकळं ताणलं पाहिजे. शेवटचा टाका पहिल्याला जोडा.

दुसरी फेरी: ३ साखळ्या घाला, तो पहिला खांब धरा. मग प्रत्येक टाक्यात ३ खांब, म्हणजे १२० होतील.

तिसरी फेरी: प्रत्येक खांबात २ खांब, म्हणजे २४०. एवढे टाके त्या लहानशा गोलात मावत नाहीत, म्हणून कड लाटांसारखी वळते. फुगीरपणा येतो तो या गर्दीमुळे.

लवदार रबर हवं असेल, तर फरची लोकर फक्त या शेवटच्या फेरीला घ्या. खालचे टाके साध्या लोकरीचे असल्यामुळे सुई कुठे घालायची ते दिसतं. शेवटी दोरा पाच-सहा टाक्यांतून फिरवून आत लपवा आणि मग कापा.

या रबराची मला आवडणारी गोष्ट म्हणजे यात पान एकीचं आणि गुलाब दुसरीचा असं नाही. पहिल्या गाठीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत ते एकीच्याच हातून होतं. म्हणून त्याचा पूर्ण हिशोबही तिच्याच वहीत लिहिता येतो. घड्याळ लावून विणा. लोकर किती लागली, रबर केवढ्याला पडलं आणि वेळ किती गेला, तिन्ही लिहा. लोकर-रबराचा खर्च, त्यात तुमच्या तासांची मजुरी, त्यात थोडा नफा, ही झाली किंमत. व्यापाऱ्याशी बोलताना ती वही समोर ठेवा, आणि गटातल्या सगळ्यांचा भाव एकच ठेवा, म्हणजे एकीला दुसरीविरुद्ध वापरता येणार नाही.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने एक रबर आणि त्याच्या तासांची नोंद आणायची आहे. रबर थोडं वाकडं झालं तरी चालेल, पण तास मात्र खरे लिहा.