इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची

इराण्याच्या हॉटेलात बनमस्का खाताना आपण ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीवर बसतो ना, तिचं मूळ घराणं व्हिएन्नाचं. मिखाएल थोनेटनं १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. बीच लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायच्या. ६ भाग, १० स्क्रू, २ नट, बस्स! सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटर खोक्यात मावायच्या, म्हणून ती बोटीनं जगभर गेली.

१८६९ मध्ये पेटंट संपलं आणि इतर कारखान्यांनीही तीच तऱ्हा उचलली. त्यामुळे जुनी खुर्ची दिसली की लगेच ‘थोनेट’ म्हणू नका. उलटी करा, बैठकीच्या कड्याच्या आत शिक्का किंवा लेबल आहे का बघा. आणि वेत फाटला म्हणून भंगारात? अजिबात नको. वेत पुन्हा विणता येतो, असा सांगाडा पुन्हा मिळत नाही.