मराठीतील लुप्त होणारा 'अ'

गोंदिया शहरालगतच्या मुर्रीच्या नावात दोन 'र' एकमेकांना जोडून येतात आणि मध्ये स्वर नाही, हे लेखनातच रफाराने स्पष्ट होते. 'मुरली' या शब्दात मात्र 'र' पूर्ण लिहिला जातो, तरी बोलताना तो 'मुर्ली' असाच उच्चारला जातो. लिहिलेला 'अ' उच्चारात क्षीण होऊन नाहीसा होणे हे मराठीचे ठळक वैशिष्ट्य होय.

शब्दाच्या अखेरीचा 'अ' बहुधा गळतो ('घर्'). 'शब्द', 'मित्र' यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांत तो अंशतः टिकतो. शब्दाच्या मध्यभागी हा लोप शेवटाकडून मागे मोजून होतो : 'करतो' चे 'कर्तो', 'समजतो' चे 'समज्तो'. इतर स्वरही दुर्बल होतात. 'फूल' चे 'फुलाला' होताना ऊकार केवळ ऱ्हस्व होतो. 'माणूस' चे 'माणसाला' होताना त्याचा 'अ' होतो आणि उच्चारात तोही जाऊन 'माण्साला' उरते. गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीबोलीत 'ण' चा 'न' होत असल्याने हाच शब्द 'मान्साले' असा ऐकू येतो.

असे स्वरलोप अन्यत्रही आढळतात. मेक्सिकोच्या पठारावरील व अँडीज पर्वतप्रदेशातील स्पॅनिशमध्ये 'स' च्या सान्निध्यातील आघातहीन स्वर असेच क्षीण होतात. मेक्सिकोत 'पुएस' चे बोलताना 'प्स' होते. तेथे कारण शेजारचा वर्ण. मराठीत अक्षरांची रचना.

1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. हा 'अ' मात्र राहिला, आणि ते योग्यच झाले. 'करता येते' मधील 'करता' आणि 'कर्ता' हे शब्द कानाला सारखे असले, तरी लेखनात 'कर' हा धातू ओळखू येतो. पद्यरचनेतही हा भेद जाणवतो. मात्रांच्या हिशेबात 'करतो' आणि 'कर्तो' दोन्ही चारच. अक्षरगणवृत्तात मात्र एक तीन अक्षरांचा, दुसरा दोन.

याची किंमत कानाने लिहिणाऱ्या मुलांना मोजावी लागते. 'मान्साले' बोलणाऱ्या मुलाला 'माणसाला' लिहिताना 'ण', 'ला' आणि कधी न ऐकलेला 'अ' अशा तीन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात; वहीवर मात्र तिन्हींना एकच लाल रेघ मिळते. संगणकाची अडचण याच्या उलट आहे. अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला कोणता 'अ' गाळायचा हे शिकवले नाही, तर ती 'मुरली' तीन सुट्या अक्षरांत वाचते.