धातुकाच

धातुकाच : ज्या मिश्रधातूतील अणूंची मांडणी स्फटिकाप्रमाणे नियमबद्ध नसून द्रवातल्यासारखी विस्कळीत असते आणि तरीही जो पूर्णतः घन असतो, असा पदार्थ. तो अपारदर्शक, चकचकीत व विद्युत्‌वाहक असतो.

वितळलेला धातू निवू लागला की त्यातील अणू निमिषार्धात आपापल्या जागा धरून स्फटिक बनतात. ही मुदतच त्यांना मिळू दिली नाही, तर द्रवातील अव्यवस्था जशीच्या तशी गोठते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पोल दुवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने आणि सिलिकॉन यांचा रस सेकंदाला सुमारे 10 लाख अंश इतक्या वेगाने थंड करून हे साधले व 1960 मध्ये प्रसिद्ध केले. एवढा वेग केवळ पातळ पापुद्र्यालाच मानवत असल्याने जाड नग ओतणे दीर्घकाळ दुष्कर राहिले. पुढे जपानमध्ये अकिहिसा इनोए यांनी आणि अमेरिकेत विल्यम जॉन्सन यांनी, भिन्न आकारमानांचे अणू एकत्र आणले असता ते परस्परांच्या रचनेत अडसर घालतात, हे हेरून बहुघटकी मिश्रधातू सिद्ध केले. झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांचा 1993 मधील मिश्रधातू तर सेकंदाला काही अंश इतक्या संथ गतीनेही काचरूप राहतो.

स्फटिकी धातू वाकतो तो अणूंच्या ओळींतील दोष सरकल्यामुळे. येथे ओळीच नसल्याने झिर्कोनियमयुक्त धातुकाच सुमारे 2 टक्के ताणूनही पूर्वस्थितीवर येते. मात्र मर्यादा ओलांडताच सारे विरूपण अतिसूक्ष्म पट्ट्यांत एकवटते आणि ताणाखाली ती पूर्वसूचनेविना तुटते. म्हणून पुलाच्या तुळईसारख्या कामी तिची तजवीज करणे अनुचित होय. विशिष्ट तापमानापलीकडे ती मऊ होऊन साच्यातील बारीक नक्षीही उचलते, पण फार वेळ तापत ठेवल्यास स्फटिकीभवन होऊन तिचे गुण नष्ट होतात.

गोल्फच्या काठ्या, दुकानांतील चोरीरोधक पट्ट्या, सौरवाताचे कण टिपणारे जेनेसिस यान असे तिचे नाना उपयोग झाले. परंतु सर्वांत मोलाचा उपयोग विद्युत् रोहित्रात आहे. लोह, बोरॉन व सिलिकॉन यांच्या, फिरत्या थंड चाकावर रस सोडून बनविलेल्या फितीची जाडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाच्या आसपास असते. तिच्यात स्फटिककणांच्या सीमा नसल्याने चुंबकन सहज उलटसुलट होते, तर पातळपणा व अधिक विद्युत्‌रोध यांमुळे आवर्तप्रवाह दबतात. परिणामी, भार असो वा नसो, गाभ्यात अहोरात्र वाया जाणारी ऊर्जा सिलिकॉन-पोलादाच्या मानाने सुमारे दोनतृतीयांशाने घटते. गाभा काहीसा मोठा व महाग पडतो. तथापि जेथे रोहित्रावर बहुतेक वेळ अल्पच भार असतो, अशा ग्रामीण वाहिन्यांवर हा जादा खर्च करणेच हिताचे आहे.