‘संशयकल्लोळ’मधील तसबीर आणि रेवतीचा विवाह

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य प्रहसन १८९३चे. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलेले ‘संगीत संशयकल्लोळ’ हे त्याचेच संगीत रूप होय. देवल त्याच वर्षी निवर्तले. कथानकाचे मूळ मोलिएरच्या १६६०च्या ‘स्गानारेल’मध्ये असून आर्थर मर्फीच्या १७६१च्या ‘ऑल इन द राँग’मार्गे ते मराठीत आले. मूर्च्छित तरुणीला सावरणारा विवाहित गृहस्थ, तिच्याजवळची प्रियकराची तसबीर आणि ती हाती लागलेली गृहस्थाची पत्नी, हा सांगाडा तिन्ही नाटकांत कायम आहे.

भेद आहे तो नायिकेत. मोलिएर व मर्फी यांच्या नायिका प्रतिष्ठित घरच्या. त्यांच्या प्रेमाआड पिता येतो. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. तिच्या विवाहाआड तिचा जन्मच उभा असतो. त्यामुळे अश्विनशेठची तसबीर तिच्या लेखी केवळ प्रेमचिन्ह नव्हे, गृहिणीपदाची आशा आहे. फाल्गुनरावाचा संशय निखळ हास्यास्पद ठरतो, कारण कृत्तिकेचे पत्नीपद त्याने ढळत नाही. रेवतीवरील संशयाला मात्र समाजाने आधीच जागा करून ठेवलेली आहे. ‘शारदा’कारांची दृष्टी येथेही जागी आहे, फक्त ती हसत बोलते.

पात्रांची नावेही लक्षणीय आहेत. पुरुषांना महिन्यांची, स्त्रियांना नक्षत्रांची. देवलांनी हेतुतः केले असो वा नसो, रेवती हे आश्विनाच्याच नक्षत्रांपैकी एक. कृत्तिका मात्र कार्तिकाची, फाल्गुनाची नव्हे.